वरातीच्या चालीचा धनी

सिनेमाचं गाणं कानाने उतरवायचं तर ते एका दमात जमत नाही. सत्तर सालच्या आसपास मी धुळ्याच्या बस स्टँडसमोरच्या हॉटेलात वही घेऊन बसायचो. रेडिओवर गाणं लागलं की मुखडा टिपायचा, अंतरा पुढच्या वेळी लागेल तेव्हा. नेमका अवघड सूर आला की कुणीतरी भज्यांसाठी ओरडायचं.

मी पत्रकांवर वाढलो. वडील मोर्च्यातून आणायचे त्या पत्रकांवरच अक्षरं शिकलो. त्यांवर हक्कबिक्क कधी छापलेले नसायचे; वाचा आणि पुढे द्या. म्हणून छापखान्याच्या शेठने लग्नाच्या बँडवाल्यांसाठी सारेगममध्ये चालींची पुस्तिका करायची ठरवली, तेव्हा मला ती चळवळच वाटली. चाली जनतेच्या, जनतेला परत!

माझं लिखाण तपासायला जळगावहून नाना यायचे. नाना बँडमास्तर. लाल कोट, सोनेरी झालर, आणि रुबाब असा की नवरदेवाने बिचकावं. वरात मांडवाशी पोचताना वाजायची ती चाल त्यांनी स्वतः बांधलेली होती. निम्मा खानदेश तिच्यावर नाचला होता. क्लॅरिनेटवर त्यांनी ती वाजवली आणि मी उतरवली.

मुखपृष्ठाचं प्रूफ आलं. शेठचं नाव आणि खाली ओळ : सर्व चालींचे हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन.

मी भडकलो. "शेठ, ही लूट आहे!"

"अरे भाऊ, मी नाही टाकलं तर समोरचा छापखाना टाकेल."

आम्ही कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, सिनेमाच्या चालींना धनी आहेत. परवानगीवाचून छापाल तर नोटीस येईल. नानांच्या चालीचं काय, असं मी विचारलं.

"कायद्याला कान नाहीत. चाल कागदावर आली की ती त्याला दिसते. मग नाव कुणाचं टाकताय, ते नीट बघा."

म्हणजे माझ्याच पेन्सिलीमुळे नानांची चाल शेठची होऊ शकत होती.

शेठने घाबरून सिनेमाची पानं काढली. उरली ती नानांची एकच चाल. मी तावात म्हणालो, "छापा, हिचे हक्क कुणाचेच नाहीत!"

नाना माझ्यावरच उखडले. "कुनाचेच नही? मंग मी काय मरी गऊ का?"

"नाना, मग तुमच्या चालीला कुलूप लावायचं का?"

"कुलूप कोन म्हने? वाजाडू दे बठ्ठासले. पन हाई चाल मनी शे."

वाजवावी सगळ्यांनी, पण चाल त्यांचीच; हे कसं, ते सांगायला त्यांनी बँडवाल्यांची रीत सांगितली. दुसऱ्याची चाल वाजवायला मनाई नाही. पण तो मास्तर समोर असला, तर आधी क्लॅरिनेट त्याच्याकडे झुकवायची. न झुकवणाऱ्याला पुढे कुठला बँड उसना माणूस देत नाही. पत्रकांनी मला हे कधी शिकवलं नव्हतं.

"शेठ, बाकीच्या चाली मन्या बोटंसमा शेतस," नाना म्हणाले. "हाऊ लिही तशीच ओळ टाका, तं वाजाडी दाखाडसू."

मी लिहीन ती ओळ छापली तरच नाना आपल्या आणखी चाली वाजवून दाखवणार, हे ऐकून शेठने कपाळाला हात लावला आणि छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला हाक मारली. ओळ मी लिहिली : या चाली नानांच्या. कुणीही वाजवाव्यात, आधी त्यांचं नाव घ्यावं. छापताना अर्थातच त्यांचं पूर्ण नाव टाकलं, झालरीसकट म्हणावं इतक्या मोठ्या टायपात.

पुढच्या लग्नसराईत साक्रीला गेलो. नवरदेवाकडून नानांचा बँड होता, नवरीकडून तिथलाच. मांडवाशी पोचताच समोरच्यांनी नानांचीच चाल उचलली आणि लगेच थांबवली. त्यांच्या मास्तराने आमच्या ढोलवाल्याला काहीतरी विचारलं, नानांकडे पाहिलं आणि क्लॅरिनेट झुकवली. या माणसाने नानांना आधी कधी पाहिलंही नव्हतं. पुस्तिका त्याच्या कोटाच्या खिशातून डोकावत होती.

चाल पुन्हा सुरू झाली. नाना कान देऊन ऐकत होते.

"अंतरामा चुकना तो," ते मला म्हणाले. "पन मानूस चांगला शे."

आणि अंतरा परत आला तेव्हा क्लॅरिनेट ओठाला लावून ते त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.