पगारवाढीनंतरचे खाडे

पगार वाढला म्हणून तुमच्या घरात कधी कुणाची झोप उडाली आहे का? आमच्या घरात उडाली होती, तीही माझ्या दादांची. दादा म्हणजे माझे वडील. पाळी संपवून आले की अंथरुणाला पाठ टेकताच घोरणारा माणूस.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आम्ही कबनूरला राहत होतो. गावभर यंत्रमागांची खडखड, पण दादा मागावर नव्हते. ते जवळच्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांवर होते आणि युनियनचे पक्के. लहानपणी मी अक्षरं शिकले ती त्यांच्या खिशातल्या पत्रकांवर. ‘आमच्या मागण्या’ हे दोन शब्द मी माझ्या नावाच्या आधी वाचले. जगात एक मागणारा असतो आणि एक अडवणारा, मागणाऱ्यानं मूठ आवळली की अडवणारा मागे सरतो, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. त्यातलं बरंचसं मला अजूनही पटतं.

त्या वर्षी अडवणारा खरोखरच मागे सरला. किमान वेतनाचे नवे दर आले, त्यावर करारातली वाढ, आणि वर चढलेला महागाई भत्ता. गेटवर गुलाल उडाला. दादा कपाळ न पुसताच घरी आले आणि आईला म्हणाले, “बघ, आता तुझं दूध बंद करायचं न्हाय.”

लहानपणच्या सांधेतापानं आईच्या हृदयाची एक झडप आखडली होती. घागर उचलली की तिला धाप लागायची. दर महिन्याला कामगार विम्याच्या दवाखान्यात तिला एक फार दुखणारं इंजेक्शन मिळे आणि ती कमरेवर हात दाबत, हसत घरी येई. तिथल्या डॉक्टरांनी तिचं नाव मुंबईला कळवलं होतं. झडपेचं ऑपरेशन विम्यातून फुकट व्हायचं होतं. नंबर लागायचा तेवढा राहिला होता.

गुलाल धुऊन झाला नव्हता तोच गिरणीचा हजेरी कारकून सायकल भिंतीला टेकवून आत आला. तो दादांचा जुना दोस्त होता.

“वहिनींचं ऑपरेशन कवा हाय?”

“नंबर लागला की.”

“मग लवकर लावून घ्या. तुमचा पगार मर्यादेच्या वर गेला. ही सहामाही सरली की विमा बंद.”

“कसली मर्यादा?”

“विम्याची. ठरावीक पगारापतुर कामगार, त्येच्या वर सायेब.”

“मी सायेब व्हय?”

“कागदावर व्हय की!”

दोघंही हसले. मग दादा हसायचे थांबले.

पगार दरवर्षी थोडा थोडा वर सरकत होता. विम्याची मर्यादा मात्र दिल्लीत ठरायची आणि वर्षानुवर्षं जागची हलायची नाही. वाढ होती घरात थोडं जास्त दूध येईल एवढी. जाणार होतं मुंबईचं ऑपरेशन.

गिरणीबाहेरच्या चहाच्या गाड्यावर यावर तोड निघाली. एक अनुभवी म्हणवणारा कामगार म्हणाला, “खाडे टाका. हातात पगारच कमी पडला, तर मर्यादेच्या आत बसतोय न्हवं?” खाडा म्हणजे हजेरीपटावर नावापुढे पडलेली गैरहजेरीची फुली. दादांनी तापातसुद्धा कधी खाडा टाकला नव्हता. आता ते आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून उंबऱ्यावर बसू लागले. त्यांच्यासारखे खात्यात आणखी होते, ज्यांच्या घरी कुणी ना कुणी आजारी होतं. शेवटी खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, आमच्या दारात आला.

“आरं, पगार वाढल्यावर माणसं कामाला पळत्यात. आन तुमी घरात बसताय?”

“मला गरीब ऱ्हायचं हाय, जॉबर.”

“त्यात काय अवघड हाय? गिरणीत येऊनबी ऱ्हाता येतंय की!”

गल्लीतून उसाची गाडी हाकणाऱ्या एका अनोळखी माणसालाही ही गंमत कळली होती. तो ओरडला, “काय पावणं, वाढ गावली म्हणं, का वाढं?” वाढं म्हणजे उसाचे शेंडे, गुरांपुढे टाकतात ते. दादा म्हणाले, “वाढं असतं तर म्हशीनं तरी खाल्लं असतं.” आईला हसू आलं आणि हसता हसता धाप लागली.

सहामाही संपत आली तेव्हा कारकुनानं खालच्या आवाजात सांगितलं की खाडे वाया गेले. हातात किती पडलं ते बघत नाहीत, पूर्ण महिना भरला असता तर किती पडलं असतं ते बघतात. दादा त्याच्यावर चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले.

चिडले मी. तेव्हा मी कॉलेजात होते. दादांना घेऊन युनियनच्या कार्यालयात गेले. तिथले पुढारी म्हणाले, “पोरी, वाढ मागायची नव्हती का आम्ही?” मग एसटीनं कोल्हापूरला, विम्याच्या कचेरीत. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. “मर्यादा वाढणार आहे असं ऐकतो. कधी, ते मला कुणी सांगत नाही,” एवढंच म्हणाले. मी तयार करून आणलेली सगळी कडक वाक्यं तोंडातच राहिली. त्यांतलं एकही त्या माणसाला लागू पडत नव्हतं. मालकानं पगार दिला होता, युनियननं मिळवून दिला होता, साहेब नियमानं चालत होते. ज्याच्यावर मूठ उगारावी असं मला कुणीच सापडेना.

मुंबईचा नंबर लागला तेव्हा दादा विम्याबाहेर होते. डॉक्टरांनी निरोप वाचून दाखवला आणि म्हणाले, “आता मला पाठवता येत नाही.” खाजगीत ऑपरेशनचा खर्च आमच्या दोन खोल्या विकूनही भागला नसता.

पुढे पाच-सहा वर्षांनी मर्यादा वाढली. दादा पुन्हा विम्यात आले. त्याच डॉक्टरांनी आईला तपासलं, बराच वेळ छातीवर नळी ठेवून ऐकलं आणि सांगितलं की आता तिला ऑपरेशन सोसणार नाही. “चला, मुंबईचं हेलपाटं वाचलं,” आई म्हणाली. ती आता भिंतीला टेकून बसूनच झोपते. आडवं झालं की तिला श्वास पुरत नाही.

त्याला दोन वर्षं झाली. या वर्षी पुन्हा नवे दर आले आहेत. दादांच्या खात्यातल्या एका तरुण कामगाराच्या बायकोचे क्षयाचे उपचार विम्यातून चालू आहेत. तो परवा घरी येऊन मला म्हणाला, “ताई, मला वाढ नको असं लिहून दिलं तर चालतंय का?” मी त्याला बसायला सांगितलं. खात्यात असे आणखी कोण आहेत ते विचारायला लागले.

तुम्ही कुठल्या गिरणीत, कारखान्यात, संघटनेत असाल तर एवढं करा. पुढच्या कराराला बसण्याआधी आपल्या खात्यात कुणाकुणाच्या घरी विम्यातून उपचार चालू आहेत ते विचारून घ्या. त्यांतलं कोण वाढीमुळे मर्यादेबाहेर पडणार ते बघा. आणि मर्यादा हलेपर्यंत त्यांच्या औषधपाण्याचा खर्च कोण उचलणार, हे ठरल्याशिवाय करारावर सही होऊ देऊ नका.