आणखी उदाहरणे द्या

उस्मानपुऱ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. मुलांनी दोन पानं निबंध लिहिला की समासात माझं तिसरं पान व्हायचं. पहिल्या चाचणीचे निबंध मी दिवाळीनंतर परत दिले, तेव्हा इतक्या दिवसांनी हातात आलेला निबंध आपलाच आहे हे एका मुलाला पटेना. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. तुमचे शेरे उत्तम असतात, म्हणाले, पण ते मुलींना सासरच्या पत्त्यावर पाठवावे लागतील.

मग मी औरंगपुऱ्यातून रबरी शिक्के करून आणले. 'छान', 'मुद्दे वाढवा', 'आणखी उदाहरणे द्या'. अख्ख्या वर्गाचे निबंध मधल्या सुट्टीत हातावेगळे झाले. प्राचार्यांनी बैठकीत कौतुक केलं. भूगोलाच्या सरांनी शिक्के उसने नेले.

काही दिवसांनी एका विद्यार्थिनीचे वडील आले. वाळूजच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेले, अंगावर कंपनीचा शर्ट. मुलीनं आजोबांच्या मृत्यूवर लिहिलं होतं आणि खाली जांभळा, ठसठशीत शिक्का होता. ते रागावले नव्हते. खरोखरच अडचण घेऊन आले होते.

"मॅडम, आणखी उदाहरणं द्या म्हणलात. पण तिच्या आईकडचे आजोबा लई ठणठणीत हायेत. पोरीनं लिहावं काय?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि तो निबंध पहिल्यांदा नीट वाचला. आजोबा गेल्यावरही त्यांच्या मोबाइलमध्ये गोळीचा गजर रोज वाजत होता आणि घरात तो कुणी बंद करत नव्हतं. मी म्हटलं, सुरुवात इथूनच करायला सांगा, आणि 'मरण कुणाला चुकलंय' हे शेवटचं वाक्य काढायला सांगा. इतकं माझ्या ध्यानात राहायचं नाय, म्हणत त्यांनी रेकॉर्डिंग लावून आपला फोन माझ्यासमोर धरला. मी त्यात बोलले. चहा येण्याआधी काम झालं.

तेव्हापासून मी सगळ्यांनाच असं बोलून पाठवू लागले. एक जमलेली गोष्ट, एक सुधारायची. प्राचार्यांची हरकत नव्हती, फक्त तपासल्याचा पुरावा म्हणून निबंधाखाली सही करा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी अवघडून स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. वडिलांनी माझं बोलणं कंपनीच्या बसमध्ये मोठ्यानं लावलं होतं. मागच्या बाकांवरच्या काकांना ते शेवटचं वाक्य हवं होतं. पुढचे माझ्या बाजूचे होते. बायपासपर्यंत वाद चालला. ड्रायव्हरनं दोन्ही बाजू ऐकून निकाल राखून ठेवला होता.

"मग तू काय ठरवलंस?" मी विचारलं.

तिनं नवा निबंध पुढं केला. ते वाक्य तिनं सांत्वनाला आलेल्या एका दूरच्या मामांच्या तोंडी घातलं होतं. ते म्हणून झाल्यावर मामांनी आणखी पोहे मागितले होते.

सोमवारी बसनं नवा निबंध एकमतानं मंजूर केला. फक्त मागच्या बाकांवरच्या एका काकांनी मुलीकडं निरोप पाठवला, की हे मामा आपल्या ओळखीचे वाटतात.