काकूंची म्हैस

शेजारच्या काकूंना इंग्रजी येत नाही, पण माझ्या भाचीला झोपवताना त्या तिचं इंग्रजी पुस्तकच घेतात. टोपी घातलेल्या अस्वलाच्या चित्रावर बोट ठेवून सांगतात, "ही घोडेगावच्या बाजारातनं पळालेली म्हैस हाय." भाची खिदळतच झोपते.

काल काकूंसमोर मी तेच पुस्तक अचूक वाचून दाखवलं. भाची म्हणाली, "मावशी, तुला चित्रं वाचता येत नाहीत."

काकूंनी छापील ओळींवर तळहात ठेवला. "आता बोल की गं."

मराठीत गोष्ट सांगायची मला लाज वाटते. "म्हैस... सुप्याच्या एमआयडीसीत, कंपनीत कामाला लागली."

"कुठल्या शिफ्टला?" काकूंनी विचारलं.

"पहिल्या. म्हणून ती लवकर झोपते."

भाचीने लगेच डोळे मिटले. काकू मात्र तोंडात पदर कोंबून हसत राहिल्या.