सोळाच्या अलीकडं

गेटवर बसणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते पायी चालत येतात, रजिस्टरात नाव लावतात आणि आत जातात. मी धुळ्याला देवपुरात मुलांच्या निरीक्षणगृहाच्या गेटवर एकवीस वर्षं काढली. घरातून पळालेली, स्टेशनवर सापडलेली, पोलिसांनी धरलेली पोरं आमच्याकडं यायची. माझं शिक्षण चौथी. पण मला विचारल्याशिवाय त्या गेटमधून मांजर आत गेलं नाही!

आता आम्ही रिटायर मंडळी संध्याकाळी बाकावर बसतो. कोणीतरी म्हणतंच, "नाना, सुकलालचं सांगा ना."

सांगतो. पण मधे बोलायचं नाही.

*

तेव्हा मुलांचा नवा कायदा आला होता. आमच्या अधीक्षक मॅडमनी सगळ्यांना बसवून वाचून दाखवला. पोराला बेडी नाही. लॉकअप नाही. पोलिसानं गणवेशात यायचं नाही. आणि पोरांना कैदी म्हणायचं नाही.

मी विचारलं, "मग म्हणायचं काय?"

मॅडम म्हणाल्या, "नाना, त्यांना नावं आहेत."

त्याच दिवशी माझी काठी गेली. स्वयंपाकीण सुमनअक्कानं ती माकडं हाकलायला नेली. मी आठ दिवस मॅडमशी कामापुरतंच बोललो.

पुढच्या आठवड्यात एक हवालदार पोराला घेऊन आला. अंगात पायजमा-शर्ट, पायात मात्र सरकारी बूट. मी त्याला व्हरांड्यात बसवलं. अर्ध्या तासानं बघतो, तर हवालदार खाली मान घालून लसूण सोलतोय!

सुमनअक्का मला म्हणाली, "नवीन माणूस बरा आहे. उलटून बोलत नाही."

*

सुकलाल आला तो दिवस मला चांगला आठवतो, कारण तो एकटाच आला.

अंगानं थोराड पोरगा. काखेत पोलिसांचा कागद, हातात एक पिशवी. गेटसमोर उभा.

मी म्हणालो, "कोण पाहिजे?"

"मीच शे," तो अहिराणीत म्हणाला. "माले आठे जमा करानं शे."

"पोलीस कुठंय?"

"हवालदारभाऊ सोनगीरले च्या पेवाले उतरनात. गाडी निंघी गयी."

म्हणजे हवालदार सोनगीरला चहाला उतरला आणि एसटी सुटली. आता पोलिसाशिवाय पोरगा घ्यायचा कसा? नियम म्हणजे नियम. मी त्याला गेटबाहेर दगडावर बसवलं. पोरगा बसला. पळाला नाही, हलला नाही. दीड तासानं हवालदार मागच्या गाडीनं घामाघूम होऊन पोचला. त्याला बघून सुकलाल उठला आणि पिशवी पुढं केली.

"भाऊ, तुमना डबा. गाडीमा राही गयथा."

*

हे पोरगं शिरपूरच्या वरचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. आई शेतमजूर, बाप नाही. गावच्या पाटलानं फिर्याद दिली होती, की यानं विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार काढली. तार काढली होती, हे खरं. सुकलालनं पहिल्याच दिवशी कबूल केलं. पण फिर्यादीत पाटलानं वय लिहून दिलं होतं अठरा.

कायद्यात मुलग्याला सोळाची रेघ. सोळाच्या अलीकडं असला तर आमच्याकडं. पलीकडं गेला, की मोठ्यांच्या जेलात, दरोडेखोरांच्या शेजारी.

मॅजिस्ट्रेटसाहेब आठवड्यातून एकदा आमच्याकडंच येऊन बसत. त्यांनी एक्स-रे काढायला सांगितला. प्रोबेशन ऑफिसर देवरे सुकलालला घेऊन सिव्हिलला गेले. डॉक्टरांनी हाडं बघून लिहून दिलं, वय पंधरा ते सतरा!

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "देवरे," ते म्हणाले, "रेघ कुठं आहे ते मलाही माहीत आहे. पोरगा कुठल्या बाजूला आहे, ते शोधा. पुरावा आणा. नाहीतर मला त्याला जेलात पाठवावं लागेल."

*

देवरेंनी सुकलालच्या शाळेचे हेडमास्तर रजिस्टरासकट आणले. सुकलाल दोन वर्षं शाळेत गेला होता. रजिस्टराप्रमाणं वय निघालं सोळा पूर्ण. देवरेंचा चेहरा उतरला.

साहेबांनी विचारलं, "गुरुजी, ही तारीख तुम्हाला कोणी सांगितली?"

"कोणी नाही साहेब. पोरगा शाळेत आला, की डोक्यावरून हात घ्यायला लावायचा. बोटं पलीकडच्या कानाला लागली, की सहा वर्षं पूर्ण."

"आणि हात मुळातच लांब असला तर?"

गुरुजी सुकलालच्या हातांकडं बघत राहिले.

"आणि सगळ्यांचा जन्म एक जूनचा?"

"शाळा जूनमधे उघडते, साहेब."

साहेब हवालदाराकडं वळले. "तुमची जन्मतारीख?"

"एक जून."

"देवरे?"

"एक जून, सर."

"नाना?"

मी ताठ उभा राहिलो. "एक जून!"

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "हे परत न्या."

पुढं एक जूनला मॅडमनी आम्हा सगळ्यांसाठी पेढे आणले. मी साहेबांचा वाटा घेऊन त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथं टेबलावर आधीच पेढ्यांचा बॉक्स उघडलेला होता.

*

सुकलाल आमच्याकडं असतानाच जळगावकडचे एक पुढारी केळी वाटायला आले. बरोबर फोटोग्राफर. मॅडम म्हणाल्या, "केळी आनंदानं वाटा. पोरांचा फोटो मिळणार नाही. कायद्यात बसत नाही."

पुढारी म्हणाले, "मग मी कोणाला वाटताना दिसू?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पुढारी हसतायत, मी घड धरलाय. खाली छापलं होतं, 'निराधारांना केळी वाटप'. मी निराधार! माझी सरकारी नोकरी, दोन मुलगे, घरी म्हैस!

बायकोनं तो फोटो कापून पत्र्याच्या पेटीत ठेवला. अजून आहे.

*

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं निंबाला झोका बांधायचे. खानदेशातलं पोर आखाजीला झोक्यावर बसलं नाही, तर त्याला घर आठवतं, असं सुमनअक्काचं म्हणणं. दोर मी बांधायचो. माझी गाठ कधी सुटली नाही.

त्या आखाजीला सुकलाल सकाळपासून बारक्या पोरांना झोके देत होता. जेवायची घंटा झाली, पोरं पळाली, तेव्हा तो एकटा झोक्यावर बसला. दोन दिवसांनी त्याची शेवटची तारीख होती. पुरावा मिळाला नव्हता.

मी म्हणालो, "ऊठ, जेवायला चल."

तो म्हणाला, "नाना, जेलमा झोका ऱ्हास का?"

मी म्हणालो, "खाली उतर."

तो उतरत होता. मग मीच म्हणालो, "बस पाच मिनिटं." आणि एक झोका दिला. ड्यूटीवर असताना मी असलं काम त्या एकदाच केलं.

*

तारखेला देवरेंनी सुकलालच्या आईला आणलं. पाटीलही आला होता. पांढरं धोतर, टोपी, बरोबर गावातले चार जण. ते चौघं दारातच थांबले. मी आतल्या बाजूला उभा होतो.

साहेबांनी बाईला विचारलं, "पोराच्या वयाचा काही कागद आहे?"

"कागद नही, साहेब." ती पाटलाकडं न बघता म्हणाली, "पाटीलनी पोर शे ना, तीच मना कागद."

"म्हणजे?"

"हाऊ सुकलाल जलमना, तेना आठ दिननंतर पाटीलनी पोर जलमनी. पाटलीणबाई आजारी व्हती. दूध नव्हतं. मी दोन्हीस्ले पाजं. एक आंगे हाऊ, एक आंगे ती. वरीसभर."

दारातले चौघं पाटलाकडं बघत होते. त्यांना हे नवीन होतं. पाटलाची लेक मजूर बाईच्या दुधावर वाढली, हे त्या घरानं इतकी वर्षं बाहेर जाऊ दिलं नव्हतं. बाईनंही नाही.

साहेब म्हणाले, "पाटील, ही सांगते ते खरं नसेल तर नाही म्हणा, खरं असेल तर मुलीचं वय सांगा. तसं लिहून घेतो. दुसरा पुरावा नाही, आजच निकाल देतो."

पाटलानं टोपी काढली. परत घातली. सुकलाल माझ्या शेजारी उभा होता, त्यानं माझी बाही धरली होती.

पाटील खाली बघत म्हणाला, "मनी पोर नववीमा शे, साहेब."