बबनदादाची घाई

जाम गावच्या चौकात मी एका ट्रॅक्टरला पाइप जोडत होतो, तेव्हा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, दादा गेले तुमचे," एवढंच म्हणाल्या. तरी हातातलं काम मी पुरं केलं. का, कुणास ठाऊक... गिऱ्हाईक उन्हात उभं होतं म्हणून असेल. त्याला सहा आठवडे होत आले, पण अंगातला थकवा काही हटत नाही.

बबनदादा माझा थोरला भाऊ, चौकातलं ट्रॅक्टरच्या पाइपांचं दुकान आम्हा दोघांचं. ट्रॉली उचलणाऱ्या जॅकचा पाइप ट्रॅक्टरला ज्या कपलिंगनं जोडतात, ते हातानं ढकललं की बसतं, ओढलं की सुटतं. पण सुटा पाइप उन्हात पडून राहिला की आतलं तेल फुगतं आणि मग कपलिंग काही केल्या बसत नाही. आमच्याकडचे लोक सरळ हातोडी काढतात, टोकाशी तेल अडवणारी गोळी ठोकून प्रेशर सोडतात. दादा मात्र पाइपावर ओलं पोतं टाकायचा आणि गिऱ्हाइकाला चहाला न्यायचा. कुणी कुरकुरलंच तर म्हणायचा, "थंडा होऊ दे बापू, तो काई पळून नाई राह्यला." मला त्या संथपणाचा भारी वैताग यायचा.

अशाच एका दुपारी कारंज्याकडचा एक ट्रॅक्टरवाला फारच मागे लागला. दादा पोतं भिजवायला गेला आणि मी हातोडी उचलली. "थांब रे," म्हणत तो वाकला, तेवढ्यात मी ठोकलंच. तेलाची चिळकांडी थेट त्याच्या उजव्या डोळ्यात. डोळा वाचला नाही. दवाखान्यात वहिनी धावत आल्या, तेव्हा मी मागे सरकलो. दादाच बोलला, "माह्याच हातानं झालं. घाई केली मी."

पुढे इतकी वर्षं वहिनींनी त्याला सोडलं नाही. उंबऱ्याला ठेच लागली, चहा बशीबाहेर सांडला, की सुरू... "इतकी घाई काऊन केली जी तेव्हा?" तो नुसता हसायचा. अशा वेळी माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. भित्रा होतो, दुसरं काय.

तेरवीला घर माणसांनी भरलं होतं. वहिनी सांगत होत्या, "घाईचेच होते ते. डोळाबी तसाच घालवला त्याईनं." साऱ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

त्यानंतर सगळं सांगून टाकायचं म्हणून तीनदा त्यांच्याकडे गेलो आणि इकडचं तिकडचं बोलून परतलो. हे ज्या पेपरच्या पुरवणीत छापायला दिलंय, ती वहिनी पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचतात, हे मला ठाऊक आहे. तर वहिनी, तुमचा नवरा उभ्या जन्मात कधी घाईत नव्हता. हातोडी माझ्या हातात होती.