मी खोडून काढलेली अफवा

बायकोपासून मला साधी विडी लपवता आली नाही. ही गोष्ट मात्र लपली. तिलाही नाही, पोरांनाही नाही — आजवर कुणालाच सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतोय? मन जड झालंय म्हणून नव्हे. मुकुंदवाडीत दोन खोल्या आहेत, पेन्शन येते, दारातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसतो. माझं बरं चाललंय.

मी सरकारच्या एका प्रचाराच्या ऑफिसात होतो. ते उघडलं लढाईच्या वेळी. दिवे झाका, शत्रूच्या अफवांवर विश्वास ठेवू नका, असं गाडीवरून ओरडून सांगायचं, आणि लोक काय बोलतात ते गुपचूप साहेबांच्या कानावर घालायचं. लढाई संपली, ऑफिस संपलं नाही. पुढे नामांतराचे दिवस आले, वाळूजला कारखाने उभे राहिले. आता आपल्याच लोकांचं बोलणं चोरून ऐकायचं होतं. मी तेव्हा लागलो, रोजंदारीवर. दिवसभर टपऱ्यांवर कान देऊन बसायचं, संध्याकाळी 'हवा' तोंडी सांगायची. आणि जी अफवा सांगितली, तिचं खंडन दुसऱ्या दिवशी माइकवरून करायचं — तेही मीच. मेंढ्यांमागे हाका मारून मारून आवाज चांगला कमावला होता ना!

वाळूजच्या एका कंपनीच्या गेटवर कौसाबाईचा चहाचा गाडा होता. एकच गाडा. नामांतराच्या दंगलीत गावातलं तिचं घर जाळलं, तेव्हा लेकीला काखोटीला मारून ती शहरात आली होती. पत्र्याचं का होईना, पाटी लावलेलं हॉटेल काढायचं तिच्या मनात होतं. पाळी सुटली की सगळ्या जातींचे कामगार तिच्याकडे चहा प्यायचे, कुणी काही विचारायचं नाही. मीही प्यायचो. घरी सांगायचो नाही — एवढंच.

आता तो दिवस. मामाच्या मेंढ्या वेरूळच्या एका शेतात खतासाठी बसवल्या होत्या. मी काम सोडून तिकडे गेलो, रस्सा भाकरी हाणली, झाडाखाली ताणून दिली. संध्याकाळी साहेबांपुढे उभा राहिलो तो रिकामाच. सगळं शांत आहे, म्हणालो. आमच्या ऑफिसात 'शांत' हे उत्तर चालत नसे. शांत म्हणणारा माणूस झोपला होता, असं धरत — आणि मी झोपलोच होतो.

मग मी बोललो. गेटवरच्या चहात काहीतरी मिसळतात, अशी कामगारांत कुजबुज आहे.

कुणीही असं बोलत नव्हतं. एक माणूसही नाही. मग माझ्या तोंडात तेच कसं आलं? दुसरं काही का नाही आलं? विचार करावा लागला असता तर बरं झालं असतं. पण करावाच लागला नाही. तिच्या हातचं रोज पीत होतो, तरी ते खोटं माझ्या आत तयारच होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना आमची गाडी गेटवर. मी माइक धरला. गेटजवळच्या चहात काही मिसळतात ही निव्वळ अफवा आहे, नागरिकांनी विश्वास ठेवू नये. तीनदा म्हटलं, खणखणीत. तोवर कुणालाच माहीत नव्हतं, आता सगळ्यांना कळलं. माणसं गाड्यापाशी आली, थबकली, पुढे निघून गेली. सरकार सांगतंय म्हणजे काहीतरी असणारच — लोक असेच असतात, आणि हे आम्हाला नको का कळायला?

चहा उकळून काळा पडला. मी गाडीतून उतरलो तर कौसाबाईनं मलाच हाक मारली.

"भाऊ, येवढ्या सरकारात तुमी येकलेच माह्या बाजूनं बोलले बघा. लोकाचं जाऊ द्या. तुमी तरी पेता ना?"

मी प्यालो. आणखी एक दिला, तोही प्यालो.

गाडा महिनाभरात मोडला. ती एका कारखान्यात पॅकिंगला लागली आणि गुडघे जाईपर्यंत उभी राहिली. हॉटेल झालं नाही. मला मात्र साहेबांनी शाबासकी दिली — अफवा वेळेत पकडली म्हणून — आणि कायम केलं. आज जी पेन्शन खातो, ती त्याचीच.

कौसाबाई आता लेकीकडे असते, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मागच्या महिन्यात नातीचा साखरपुडा होता. मला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं, आणि व्याह्यांना म्हणाली, "आमच्यावर वाईट येळ आली, तवा ह्यो येकच मानूस खरं बोलला."

व्याही उठले, माझ्या पाया पडले. मी आशीर्वाद दिला. मग पंगत बसली. मी पोटभर जेवलो, आणि घरी येऊन मला छान झोप लागली.