गाडीतला अबोला

शीळफाट्याचा वायरिंगवाला महिपत म्हणजे तोंडाचा भलताच फटकळ. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत त्याच्यावर खेकसणार! पण बाळकुमचा गुणाजी कोळी त्याचं नाव निघालं की हात जोडतो, तो उगीच नाही.

नव्याण्णव सालची गोष्ट. खाडीत मासळी राहिली नव्हती, म्हणून गुणाजीनं होडी विकून एक जुनी जपानी गाडी घेतली होती. गियर आपोआप पडायचे तिचे. लग्नात नवरानवरीला मिरवायला लोक हौसेनं न्यायचे. ऐन लग्नसराईत ती बया एकाच गियरमध्ये अडकून बसली आणि काचेमागचा पिवळा दिवा पेटला तो विझेचना. ठाण्यातले मेकॅनिक म्हणाले, गियरचा कॉम्प्युटर गेला, इथं मिळायचा नाही, भंगारात घाल. होडी तर गेलीच होती, आता गाडीही गेली तर खायचं काय?

कुणीतरी महिपतचं नाव सांगितलं. निघताना म्हातारी आई, दगडाबाई, आधीच गाडीत जाऊन बसली. "तू एकलाच गेलास त गारी इकून येशील!"

महिपतनं स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायरचा तुकडा खोचला. पिवळा दिवा लुकलुकायला लागला. लुकलुक मोजून त्यानं एका फाटक्या पुस्तकात तिचा अर्थ पाहिला. "गियरच्या कॉम्प्युटरचा निरोप इंजिनच्या कॉम्प्युटरला पोचत नाही."

"म्हणजे मेलाच ना तो?"

"अरे, बायको बोलत नाही म्हणून लगेच तिरडी बांधतोस का? मधला निरोप्या कुठं अडकलाय ते बघशील की नाही?"

त्यानं मीटर लावला. गियरच्या कॉम्प्युटरला करंट व्यवस्थित होता. दोघांमधली वायर मात्र ठार. पुढची सीट काढून त्यानं गालिचा उचलला. तळाशी वायरींचा जोड हिरवा पडून कुजला होता, आणि शेजारी करवंटीची कपची.

"इथं काय सांडलेलं?"

गुणाजीला काहीच ठाऊक नव्हतं. मागून दगडाबाई म्हणाली, "सांडला नाय, वाहला." दर नारळी पुनवेला ती होडीत नारळ फोडून पाणी तळाशी वाहायची. होडी गेल्यावर लेकाला न सांगता तिनं तो मान गाडीला दिला होता. बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "माजेच हातान मेली न रं गारी?"

गुणाजीचा राग ओठांपर्यंत आला होता, पण तिच्याकडे बघून त्यानं तो गिळला. आता हा फटकळ माणूस आईला काय काय ऐकवणार, याचीच त्याला धास्ती.

महिपतनं पक्कड उचलली. कुजकं कापलं, नवी वायर घेतली, ती लांबच लांब वर नेली आणि जोड पार डॅशबोर्डच्या मागे उंचावर बांधला. किल्ली फिरवली, दिवा विझला. रस्त्यावर चक्कर मारली तर गियर एकामागून एक पडत गेले. गुणाजीच्या जिवात जीव आला.

"पण दादा, जोड इतका वर कशाला नेलास?"

"मग पुढच्या पुनवेला आईनं नारळ फोडायचा कुठं?" महिपत खेकसला. "माझ्या डोक्यावर?"

गुणाजीचे डोळे भरून आले. दगडाबाईनं भर रस्त्यात महिपतच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि तो तिरसट माणूस लाजून बॉनेटमागं जाऊन उभा राहिला.